जाड टायरची सायकल

३ फेब्रुवारी

बाबा, नमस्कार.

चौदा महिन्यांनी पत्र लिहितोय. मध्ये दोनदा कागद घेऊन बसलो होतो, पण 'इकडे सर्व ठीक' या तीन शब्दांवर गाडी अडायची, आणि तेही खरं नसायचं. आज निमित्त मिळालंय. मला सायकल घ्यायची आहे.

हसू नका. कॉलेजपासूनची माझी सायकल गेल्या महिन्यात मोडली. सीटखालच्या नळीला तडा गेला. वेल्डिंगवाल्याने ती उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला, "साहेब, आता हिचा नाद सोडा."

दुकानात दोन पाहून ठेवल्यात. पहिली लांब पल्ल्याची रोड सायकल. दुकानदार तिला 'एन्ड्युरन्स' म्हणतो. नऊ किलोच्या आत वजन, बोटभर रुंदीचे टायर, हँडल खाली वळलेलं, तरी पाठ फार वाकवावी लागत नाही. दिवसभर चालवली तरी कंबर धरत नाही म्हणे. फक्त रस्ता चांगला हवा. दुसरी 'ऑल-रोड'. डांबर, खडी, माती, तिला कशाचंच वावडं नाही. टायर दोन बोटं जाड, चाकाशी चिखल अडकू नये म्हणून ऐसपैस जागा, सामान बांधायची सोय. पण दीड-दोन किलोनं जड, आणि डांबरावर पहिलीच्या मागे पडते. दुकानदार म्हणाला, "पहिली घ्याल तर लांब जाल, दुसरी घ्याल तर कुठंही जाल." पट्टीचा विक्रेता आहे. दोन्ही वाक्यं त्याने एकाच दमात म्हटली.

तुम्ही एकतीस वर्षं सायकलवरून कालवा फिरलात. आमच्या नात्यागोत्यात सायकलीतलं तुमच्याइतकं कोणाला कळत नाही. म्हणून विचारतो, कोणती घेऊ?

बाकी माझं तेच. दहा ते आठ दुकानात. चष्म्याच्या काचा फ्रेमच्या मापाला घासायच्या, बसवायच्या, पुसून गिऱ्हाइकाच्या नाकावर ठेवायच्या. सहा दिवस तसे निघून जातात. रविवार फार मोठा असतो. रविवारी सकाळी सहाला पुलावरून सायकलवाल्यांचा एक गट जातो. सध्या भाड्याची सायकल घेऊन मीही त्याच वेळेला जातो.

तब्येतीला जपा.

तुमचा,
चष्मेवाला


१४ फेब्रुवारी

चष्मेवाले जावईबापू,

पत्र पोचलं. तुम्ही अजून मला चष्मेवाला म्हणून सही करता, म्हणजे माझा जुना टोमणा विसरला नाहीत. लग्नाआधी भिंगरीने सांगितलं होतं, "बाबा, तो चष्म्याच्या दुकानात आहे." मी म्हटलं, "बरं झालं, निदान तुला नीट पाहून तरी पसंत केली असेल." ती आठ दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

तर सायकल. मी जन्मभर एकच सायकल चालवली. तिला गिअर नव्हते, ब्रेक असून नसल्यासारखे, आणि कॅरियरला गेट फिरवायचा पाना बांधलेला. उतारावर तो असा वाजायचा की पुढच्या गेटावरच्या माणसाला कळायचं, साहेब निघाले. तुम्ही लिहिता ते मेंढ्याच्या शिंगांसारखं हँडल मी एकदा पाहिलंय. एक हौशी गृहस्थ वाट चुकून कालव्यावर आले होते. दोन चाकांची हवा गेली आणि त्यांची पण. जीपमध्ये घालून परत पाठवले.

माझं म्हणाल तर आधी रस्ता ठरवावा, मग सायकल. आमच्या खात्याने उलटं केलं. आधी रोलर आणला. रोलर गंजला, रस्ता अजून यायचाय. मुख्य रस्ता सोडून माझ्या दारापर्यंत अजूनही तेच एकोणीस किलोमीटर, खडी आणि धूळ.

तुम्हाला सोबती मिळालेत हे वाचून बरं वाटलं. मग विचार कसला करता? पहिलीच घ्या. चारचौघांबरोबर पक्क्या रस्त्याने लांब जा. तरुण आहात. इकडच्या खडीचा विचार करून जड सायकल ओढत बसू नका. इकडे आता काय ठेवलंय?

मी मजेत आहे. पाणी सोडतो, पाणी बंद करतो. पोस्टमन सोमवारी आणि गुरुवारी येतो, चहा पिऊन जातो. खात्याची जीप बुधवारी येते.

म्हातारा


२ एप्रिल

बाबा, नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. दुकानात गर्दी होती, असं लिहिणार होतो. नव्हती.

तुमचा सल्ला मानला. रोड सायकल सांगून ठेवली आहे. निळी मिळत नाही, राखाडी येईल. महिना लागेल म्हणतात.

'इकडे आता काय ठेवलंय' असं तुम्ही लिहिलंत. तुमची भिंगरी गेली त्या दुपारी दवाखान्याच्या पायरीवरही तुम्ही एवढंच म्हणाला होतात, "आता तुम्ही मोकळे." मी तेव्हा मान हलवून निघालो. मोकळ्या माणसाला पक्का रस्ताच बरा.

एक मात्र विचारतो, आणि हे माझ्या धंद्यातलं आहे म्हणून विचारतो. तुमचं अक्षर मला नीट आठवतं. लग्नाच्या याद्या तुम्हीच केल्या होत्या, मोत्याचे दाणे मांडल्यासारख्या. या पत्रात उजवीकडे कागद संपला तरी तुमचे शब्द पुढे गेलेत. 'खडी'तला 'डी' कागदावर नाहीच, बहुतेक तुमच्या टेबलावर राहिला. आणि ओळी इतक्या सरळ आहेत की कशाचा तरी आधार घेतल्याशिवाय येणार नाहीत. दुकानात रोज असं अक्षर पाहतो मी. त्याच्या पुढची गोष्टही पाहतो. डोळे शेवटचे कधी तपासले?

तुमचा,
चष्मेवाला


१३ एप्रिल

जावईबापू,

डोळे ठणठणीत आहेत. पेन नवीन आहे आणि टेबलाचा एक पाय आखूड, कागद सरकतो. ओळी सरळ आल्या याचाही तुम्हाला संशय! वाकड्या आल्या असत्या तर काय म्हणाला असतात?

तुमचा धंदा मला कळतो. सुताराला जग म्हणजे नुसती लाकडं. तुम्हाला रस्त्यावरून चाललेला माणूस दिसत नसेल, नुसते नंबर चालताना दिसत असतील.

राखाडी रंग चांगला. मळत नाही.

म्हातारा


२० एप्रिल

बाबा,

टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घाला आणि एवढं करा.

हे पत्र मी मुद्दाम वेगवेगळ्या मापात लिहितोय. पहिला परिच्छेद मोठ्या अक्षरात आहे, हा त्याहून लहान, आणि पुढे लहान लहान होत जाईल. एका हाताने उजवा डोळा झाका आणि वाचा. मग डावा झाका आणि वाचा. जिथं अडाल तिथं पेनाने खूण करून हाच कागद परत पाठवा.

इथं नेहमीच्या पुस्तकाएवढी अक्षरं आहेत. साठीच्या घरात चष्म्याशिवाय इथपर्यंत आलात तर शाबास. चष्मा लावून आलात तर पुरेसं आहे.

इथून खाली औषधाच्या बाटलीवरच्या मजकुराएवढं.

आणि ही शेवटची ओळ. ती वाचता आली तर उत्तरात 'कासव' हा शब्द लिहा, म्हणजे मी पुन्हा हा विषय काढणार नाही.

तुमचा,
चष्मेवाला


१ मे

जावईबापू,

कासव.

झालं समाधान? कासव, कासव, कासव. डाव्याने कासव आणि उजव्यानेही कासव. खुणा करायची गरजच पडली नाही, म्हणून कागद परत पाठवत नाही.

आता माझी परीक्षा झाली असेल तर तुमची घेतो. तुमच्या सायकलवाल्या सोबत्यांबद्दल तुम्ही एक अक्षर लिहीत नाही. कोण आहेत? काय करतात? कोणी बाई आहे का त्यांच्यात? असली तर लाजू नका. मला वाईट वाटणार नाही. वाटलं तरी चालेल, मी इतका लांब आहे की तुम्हाला दिसणार नाही.

कालव्याला यंदा पाणी कमी. सातव्या गेटाचा दट्ट्या जाम झाला होता, तो सोडवला.

म्हातारा


(त्याच पाकिटात, वेगळ्या अक्षरातली चिठ्ठी)

साहेब, नमस्कार.

मी इथला पोस्टमन. पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे असतं, म्हणून ही चिठ्ठी आत घालता आली. काकांना माहीत नाही.

तुमची सगळी पत्रं मीच त्यांना वाचून दाखवतो. कासवही मीच वाचलं. मी म्हटलं, काका, हे बरोबर नाही. ते म्हणाले, "तू वाच, मी लिहितो, दोघं मिळून एक माणूस धड होतोय ना?" पुठ्ठ्याला ओळीएवढी खाच पाडून मी दिली आहे, तिच्यातून पेन फिरवून लिहितात.

उजव्या डोळ्याने त्यांना काही दिसत नाही असं माझं मत आहे. डाव्याने धुरातून पाहिल्यासारखं. दहा दिवसांपूर्वी सातव्या गेटाजवळ सायकलसकट कालव्यात पडले. पाणी कमी म्हणून वाचले. वाळूवाल्याने बाहेर काढलं. खात्याला कळलं तर क्वार्टर जाईल, या भीतीने कोणाला बोलू देत नाहीत. त्या घरात त्यांची मुलगी लहानाची मोठी झाली.

अजून एक. तुम्ही ते 'मोकळे' लिहिलं होतं, ते त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "मला तसं म्हणायचं नव्हतं रे." मी म्हटलं, मग तसं लिहा. पुठ्ठा हातात घेऊन बसले, माझा चहाही निवला.

दुसऱ्याची पत्रं वाचतो याचा राग मानू नये.


९ जून

बाबा, नमस्कार.

तुम्ही नीट पोचलात, डोळ्यात थेंब वेळेवर घालताय, हे पोस्टमननी फोनवर सांगितलं. ऑपरेशनच्या वेळी दहा दिवस माझ्या घरात आपण समोरासमोर जेवलो आणि मीठ, पाणी, थेंब यापलीकडे बोललो नाही. काही गोष्टी मला तोंडाने येत नाहीत. म्हणून आता लिहितो. आणि आता तुम्ही स्वतः वाचणार, म्हणून जरा मोठ्या अक्षरात लिहितो.

पोस्टमनची चिठ्ठी मिळाली तो शुक्रवार होता. तुमच्याकडच्या जीपला पाच दिवस होते. दुपारी सायकलच्या दुकानात गेलो. राखाडी रोड सायकल आलेली होती, भिंतीला टेकवून ठेवलेली. देखणी होती, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, "ही नको. ती जाड टायरची द्या."

दुकानदार म्हणाला, "अहो, लांब जायचंय म्हणालात ना? ही दमवेल तुम्हाला."

"मला जिथं जायचंय तिथं शेवटी रस्ता नाही."

"मग तिथं कशाला जायचं?" तो गमतीने म्हणाला. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्याने सीटची उंची लावायला घेतली.

तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत की मी बसने का आलो नाही. येता आलं असतं. मुख्य रस्त्यावरच्या चौकापर्यंत बस आणि पुढे पायी. पण आम्ही नेहमी त्याच बसने यायचो, ती खिडकीशी आणि मी कडेला. नंतर एकदा मी त्या बसमध्ये बसलो होतो. सहा महिन्यांपूर्वी, तुमच्याकडेच यायला. बस सुटायच्या आत उतरलो. सायकलवर शेजारची जागा रिकामी नसते.

शनिवारी उजाडताच निघालो. एकशे दहा किलोमीटर डांबर. रोड सायकलवाले दोघे-तिघे मागून आले आणि हात करून पुढे निघून गेले, भुर्रकन. माझी जाड टायरची गाय आपली तिच्या चालीने. आणि हो, माझे सोबती. बाबा, मला सोबती नाहीत. पुलावरून एक गट जातो, मी त्यांच्या मागे पन्नास पावलांवर असतो. एकदा त्यांच्यातल्या एकाने वळून विचारलं, "येताय का?" मी चेन पडल्याचं सोंग करून थांबलो. ते 'त्याच वेळेला जातो' मी जपून लिहिलं होतं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून.

चौकाशी तीन वाजले. मग खडी सुरू झाली. पहिला तासभर हात बधिर. हवा थोडी कमी केल्यावर चाकं खडीला धरून चालायला लागली. बाराव्या किलोमीटरला तुमचा वाळूवाला भेटला. त्याने पाणी दिलं आणि विचारलं, "म्हाताऱ्याकडे? कोण लागतात तुमचे?" सोपा प्रश्न. सासरे म्हणायला तोंड उघडलं तर तो शब्द तिच्यावाचून अर्धा वाटला. शेवटी म्हटलं, "घरचेच." तो म्हणाला, "मग इतके दिवस कुठं होता?"

ऊन उतरता उतरता पोचलो. तुम्ही पायरीवर होतात. "कोण?" विचारलंत. मी म्हटलं, "मी." तुम्ही उठलात, आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिलात. खूप वेळ. मी सायकल धरून उभा. इतके महिने मी ज्याला भीत होतो ते हेच होतं, बाबा. तुमच्या दारात एकट्याने उभं राहणं, आणि तुम्ही मागे बघणं.

बुधवारच्या जीपने तुम्हाला इकडे डॉक्टरांकडे आणलं. उजव्या डोळ्याचं त्यांनी सांगितलं ते तुम्ही ऐकलंत, मी पुन्हा लिहीत नाही. काचबिंदूने गेलेलं परत येत नाही. वर्षभर आधी पाहिलं असतं तर राहिला असता. मी डोळ्यांच्या धंद्यात आहे आणि माझ्या घरच्या माणसाचा डोळा एका पत्राच्या अंतरावर गेला. हे माझ्या नावावर राहील. डावा उरला आहे, त्याचा मोतीबिंदू काढला आहे. थेंब चुकवू नका. सायकलवर अजिबात बसू नका.

तुमची निवृत्ती डिसेंबरात, क्वार्टर तोवरच आहे. त्यानंतर इकडे या. दोन खोल्या आहेत, एकात दिवा लागतच नाही.

तुमचा,
चष्मेवाला


२० जून

चष्मेवाले,

हे पत्र मी वाचलं. मी स्वतः. पोस्टमन दारात ताटकळला, सवयीने हात पुढे केला, मी म्हटलं, "बस, आज तू ऐक." दोन पानं वाचायला पाऊण तास लागला. तो बिचारा हलला नाही. शेवटची पानं मात्र त्याला घालवून वाचली.

डोळ्याचा दोष स्वतःकडे घेऊ नका. वर्षभर आधी तुम्ही आला असतात तरी मी कासवच म्हटलं असतं. तो डोळा मी घालवला, माझ्या हट्टाने. खात्याच्या भीतीने म्हणतात सगळे, तेवढंच नाही. उजवीकडचं दिसेनासं झालं तेव्हा मला फारसं वाईट वाटलं नाही. बघायला होतं काय? गेट आणि पाणी. आता डाव्याने सकाळी खुंटीवरचा माझाच सदरा स्वच्छ दिसला, किती विटलाय तो, आणि लाज वाटली. पोस्टमनला तो नुसता पाहावा लागत होता वर्षभर.

त्या दवाखान्याच्या पायरीचं आज लिहितो. मी म्हटलं होतं खरं, "आता तुम्ही मोकळे." मला म्हणायचं होतं की तुम्ही आठ महिने तिची आंघोळ, औषध, उठबस केलीत, एक दिवस तोंड वाकडं केलं नाहीत. आता झोपा. कोणी दुसरी भेटली तर माझ्याकडे चोरून बघू नका. एवढं सगळं मनात होतं, आणि तोंडातून तीन शब्द निघाले. मी बोलणारा माणूस नाही. एकतीस वर्षं पाण्याशी बोललो, ते उलट विचारत नाही. तुम्ही नुसती मान हलवलीत आणि गेलात. मला वाटलं, कळलं. मग पत्र येईना तेव्हा वाटलं, फारच नीट कळलं, खरंच मोकळे झाले. म्हणून मीही लिहिलं नाही.

आणि त्या संध्याकाळचं. मी तुमच्या मागे बघत होतो, हे खरं आहे. मला काही दिसत नव्हतं, तुम्हीसुद्धा एक ठिपका होतात. पण तुमचा आवाज आला की पाठोपाठ तिचा यायचा, "बाबा, चहा टाका!" कान त्याची वाट बघत होता आणि मान कानाबरोबर वळली. तुम्ही एवढं दिवसभर पाय मारत आलात आणि मी तुम्हाला या म्हटलं नाही. ते मनातून जात नाही.

डिसेंबरचं डिसेंबरात बघू. दोन खोल्या आहेत हे ऐकून ठेवलंय. तोवर मला इथंच राहू द्या. इथं ती सगळीकडे आहे आणि कुठंच नाही, आणि मला त्याची सवय झाली आहे. सायकल पोस्टमनला देऊन टाकली. त्याला उंच होते, तरी नेली.

एक विचारायचं राहिलं. मी तुम्हाला नऊ वर्षं अहो-जाहो करतोय, कारण जावयाला तसंच करायचं असतं. पण परवा वाळूवाला सांगत होता की तुम्ही त्याला काय उत्तर दिलंत. घरच्या माणसाला अहो-जाहो करताना जीभ अडखळते. मी तुला तू म्हटलं तर चालेल का?

उत्तर लिहीत बसू नकोस. टपालाला आठ दिवस जातात. हे मिळालं की येत्या रविवारी ये. एकटाच येशील, माहीत आहे मला. मी पायरीवर असेन, आणि या वेळी तुझ्याकडेच बघेन.

बाबा